भंडारदऱ्याहून होडीने रतनवाडी आणि पुढे रतनगड : एका दिवसात जमेल का?

आपला प्रश्न असा आहे : नाशिकरोडहून पहाटे निघायचे, भंडारदऱ्याला शेंडी गावात गाडी लावायची, धरणाच्या जलाशयातून होडीने रतनवाडीच्या काठाला उतरायचे, तिथून रतनगड चढून यायचे आणि त्याच होडीने संध्याकाळी शेंडीला परतून रात्री घरी पोहोचायचे. बरोबर पत्नी, १२ वर्षांची मुलगी आणि ६६ वर्षांचे वडील आहेत, आणि चौघांपैकी कोणालाही पोहता येत नाही. जानेवारीत जावे की मुलीची परीक्षा संपल्यावर एप्रिलमध्ये, आणि हे सारे एका दिवसात बसेल का, एवढे आपण विचारले आहे.

माझे उत्तर आधी सांगतो. जानेवारीत जावे, एका दिवसात करू नये आणि होडी फक्त जाताना घ्यावी. येताना गाडीने यावे. मी नाशिकमध्ये राहतो आणि अनेक वर्षे कुटुंबांचे व शाळांचे गट या भागात नेत आलो आहे, त्यामुळे हा सल्ला पुस्तकी नाही. तरीही त्यामागची कारणे सविस्तर लिहितो, कारण कारणे ठाऊक असली तर तिथे पोहोचल्यावर परिस्थिती वेगळी दिसल्यास आपल्याला स्वतःच्या विचाराने बदल करता येईल.

आपण महिना आणि दिवस विचारले आहेत, पण खरी अडचण वेगळी आहे. या सहलीत दोन स्वतंत्र वेळापत्रके एकमेकांत अडकलेली आहेत. डोंगराचे वेळापत्रक आपल्यातला सर्वांत हळू चालणारा माणूस ठरवतो आणि ते सहसा लांबतच जाते. होडीचे वेळापत्रक वारा, उजेड आणि नावाड्याचे इतर प्रवासी ठरवतात आणि ते लांबवता येत नाही. सकाळी होडीने जाऊन संध्याकाळी त्याच होडीने परतायचे ठरवले की दिवसभर आपण गडावर असतो, पण लक्ष घड्याळाकडे असते. उशीर होतो आहे असे वाटले की माणसे उतरताना घाई करतात, आणि रतनगडावर घाई करण्याची सर्वांत वाईट जागा म्हणजे तिथल्या लोखंडी शिड्या. म्हणून मला होडी आणि डोंगर या दोन्हींची स्वतंत्रपणे जेवढी काळजी वाटते, त्याहून अधिक ती या दोन्हींच्या सांध्याची वाटते.

आता आपल्याच बेताचा हिशेब मांडून पाहू. नाशिकहून घोटीमार्गे शेंडी साधारण ७० किलोमीटर आहे. पहाटे ५ वाजता निघालात तर वाटेत एक चहा धरून ७ ते साडेसातपर्यंत पोहोचाल. नावाडी भेटणे, भाडे ठरणे, जाकिटे अंगावर चढणे यात साडेआठ वाजतात. होडी आणि पाणी कसे आहे त्यानुसार पलीकडे पोहोचायला पाऊण तास ते एक तास लागतो, म्हणजे साडेनऊ. काठापासून गावापर्यंत चालणे, वाटाड्या गाठणे आणि न्याहारी यानंतर चढाईला सुरुवात सव्वादहाच्या आधी होत नाही. रतनवाडीपासून रतनगडाचा माथा पाचशे मीटरहून अधिक उंच आहे. सराव असलेला माणूस तीन तासांच्या आत चढतो; मुलगी बरोबर असताना साडेतीन धरावेत. पावणेदोनला आपण वर. गड नीट पाहायला आणि डबा खायला दीड तास तरी हवा. सव्वातीनला उतरायला सुरुवात केली, उतरायला अडीच तास धरले, तर गावात पोहोचायला पावणेसहा होतात. जानेवारीत सव्वासहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि डोंगरांनी वेढलेल्या त्या खोऱ्यात सावली त्याच्या बरीच आधी उतरते. म्हणजे सगळे अगदी सुरळीत पार पडले तरी आपण अंधारात होडीत बसणार. आणि रविवारी शिडीजवळ रांग लागते, ती या हिशेबात मी धरलेलीच नाही.

अंधारात जलाशय ओलांडणे मला कधीच मान्य नाही. बुडालेल्या झाडांचे बुंधे, खडकांची टोके, मासेमारीची जाळी यांतले काहीही रात्री दिसत नाही, आणि कोणी पाण्यात पडले तर त्याला शोधणे फार अवघड होते. शिवाय दुपारनंतर वारा वाढतो. उन्हाळ्यात तर कोकणातून घाट चढून येणारा पश्चिमेचा वारा तिसऱ्या प्रहरी चांगलाच जोर धरतो. हा जलाशय रतनवाडीपासून शेंडीच्या धरणापर्यंत लांबट पसरलेला आहे. वारा उघड्या पाण्यावरून जितक्या लांबून येतो तितक्या लाटा मोठ्या होतात. त्यामुळे रतनवाडीच्या टोकाला पाणी शांत दिसते, तिथून पाहून आपण निश्चिंत होतो, आणि धरणाच्या बाजूला जसजसे सरकावे तसतशी होडी हलू लागते. त्यातही वारा पाठीमागून असेल तर मागून येणारी लाट होडीचा मागचा भाग बाजूला ढकलते, आणि अनुभवी नावाड्यालाही होडी सरळ ठेवायला कष्ट पडतात. सकाळी ८ ते १० या वेळात हेच पाणी बहुधा आरशासारखे असते. एकाच जलाशयाची ही दोन रूपे लक्षात घेतली की होडी जातानाच का घ्यावी हे वेगळे सांगावे लागत नाही.

आता पाण्याच्या पातळीबद्दल लिहितो, कारण जानेवारी की एप्रिल याचे उत्तर थंडी-उन्हापेक्षा इथे अधिक आहे आणि बहुतेक लोक ते विचारात घेत नाहीत. प्रवरा नदीवरचे हे धरण १९१० मध्ये बांधायला घेतले आणि १९२६ मध्ये पूर्ण झाले. त्याचे नाव विल्सन धरण आणि जलाशयाचे नाव आर्थर लेक. साठवण ११,०३९ दशलक्ष घनफूट, म्हणजे सुमारे ११ टीएमसी (अब्ज घनफूट). हे पाणी मुळात शेतीसाठी आहे. घाटघर आणि रतनवाडीच्या परिसरात पडणाऱ्या प्रचंड पावसामुळे धरण बहुतेक वर्षी ऑगस्टमध्ये भरते, आणि पुढे रब्बीची व उन्हाळ्याची आवर्तने, म्हणजे कालव्यांना ठरावीक काळाने सोडायचे पाणी, सुटू लागली की खाली संगमनेर, श्रीरामपूर, राहुरीकडच्या शेतांसाठी पाणी जात राहते. आपण ज्या पाण्यावरून फिरायला जातो ते कुणाच्या तरी उसाचे आणि गव्हाचे पाणी आहे, आणि ते त्या गरजेनुसारच कमी होणार, ही गोष्ट मनाशी पक्की धरलेली बरी.

पातळी उतरली की दोन टोकांना दोन वेगळ्या गोष्टी घडतात. धरणाजवळ पात्र खोल आणि कडा उभ्या असल्यामुळे पाणी काही मीटर खाली गेले तरी काठ जागच्या जागीच असल्यासारखा दिसतो. रतनवाडी मात्र जलाशयाच्या वरच्या टोकाला आहे. तिथे तळ अगदी हळूहळू चढत गेलेला आहे, त्यामुळे पातळी थोडीशी उतरली तरी पाण्याची कड गावापासून खूप दूर सरकते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जिथे होडी गावाच्या जवळ लागते, तिथे एप्रिलमध्ये कदाचित लांबवर नुसती भेगाळलेली जमीन असेल आणि पाण्यालगत गुडघाभर गाळ. वरून वाळलेला आणि आतून ओला असा हा गाळ फसवा असतो. पाय रुतला की बूट आत राहतो आणि पाय बाहेर येतो. ६६ वर्षांच्या माणसाने अशा गाळात तोल सांभाळत चालणे हे गड चढण्याहूनही धोक्याचे आहे. शिवाय उथळ पाण्यात इंजिनाचा पंखा दगडाला लागण्याची भीती असल्याने नावाडी होडी दूरच थांबवतो, आणि त्याचे ते बरोबरच असते.

म्हणून शेंडीला फोन करून विचारताना धरण किती टक्के भरले आहे हे विचारू नये. तो आकडा वर्तमानपत्रातही मिळतो आणि त्यावरून काठाचा अंदाज बांधणे नवख्याला जमत नाही. आज होडी रतनवाडीला नक्की कुठे लागते आणि तिथून गावात कोरड्या पायांनी जाता येते का, असे विचारावे. नावाडी या प्रश्नाचे सरळ उत्तर देतो. त्याचबरोबर सध्या होड्या चालू आहेत ना, हेही विचारून घ्यावे, कारण पावसाळ्यात त्या बंद असतात आणि इतर वेळीही जलसंपदा किंवा वन खात्याच्या निर्णयामुळे बंद असू शकतात. भाडे एका माणसाचे आहे की पूर्ण होडीचे, आणि एका फेरीचे की जाऊन-येऊन, हे बसण्याआधी स्पष्ट व्हावे.

आपल्याला मी जो बेत सुचवतो तो असा. गाडी चालवणारा एखादा नातेवाईक किंवा चालक बरोबर घ्यावा. आपण चौघे सकाळी शेंडीहून होडीत बसावे आणि त्याने गाडी घेऊन जलाशयाला वळसा घालून मुतखेल, कोलटेंभेमार्गे रतनवाडीला यावे. रस्ता वीसेक किलोमीटरचा आहे, वळणांचा आहे आणि काही ठिकाणी खराब असतो, पण दिवसा त्याला फारसा वेळ लागत नाही. असे केल्याने होडीचा सगळा आनंद मिळतो, सामान गाडीतून जाते, होडीत वजन कमी राहते, आणि मुख्य म्हणजे परतीची वेळ आपल्या हातात येते. कोणाला बरे वाटेनासे झाले तर गाडी गावात उभी असते. या भागात मोबाइलचा संपर्क भरवशाचा नाही आणि वैद्यकीय मदतीसाठी राजूर, घोटी किंवा थेट नाशिक गाठावे लागते, हे लक्षात घेतले तर गावात गाडी असण्याचे मोल कळेल. चालक मिळणे शक्यच नसेल तर आपणच गाडीने रतनवाडीला जावे, आणि होडीची हौस दुसऱ्या दिवशी शेंडीला येऊन सकाळच्या तासाभराच्या फेरीने भागवावी. त्यात उणे काही वाटणार नाही.

पहिल्या दिवशी गड चढायचाच नाही. सकाळी होडीने उतरल्यावर गावात एखाद्या घरी मुक्कामाची सोय करावी. रतनवाडीत घरगुती राहण्या-जेवणाची व्यवस्था मिळते; माणसे किती आणि जेवण किती वाजता, हे आदल्या दिवशी कळवलेले असले की ताजी भाकरी पानात पडते. काठावर तंबू ठोकून राहण्याची पद्धत आता फार वाढली आहे आणि तरुण मंडळींना ती आवडते, पण जानेवारीत तिथे रात्री कडाक्याची थंडी पडते आणि पाण्यालगत दवाने तंबू भिजतात. वडिलांसाठी घराच्या चार भिंती बऱ्या.

दुपार अमृतेश्वराच्या मंदिरासाठी ठेवावी. आपण सिन्नरचे गोंदेश्वर नक्कीच पाहिले असेल. त्याच भूमिज शैलीतले हे मंदिर आहे आणि परंपरेने ते शिलाहार राजा झंझ याच्या काळातले मानले जाते. गोंदेश्वराचा भव्य पसारा इथे नाही, पण शिखरावरची लहान लहान शिखरांची रचना आणि खांबांवरचे कोरीव काम मुलीला हाताच्या अंतरावरून पाहता येईल. जवळच दगडी पुष्करणी आहे, तिच्या भिंतींतल्या देवकोष्ठांत, म्हणजे कोनाड्यांत, मूर्ती आहेत. प्रवरेचा उगम रतनगडाच्या डोंगरात मानला जातो. सकाळी ज्या पाण्यावरून आपण आलो ते याच डोंगरातून उतरते, हे तिला तिथे उभे राहून दाखवावे. वडिलांच्या दृष्टीने ही दुपार म्हणजेच सहल आहे, आणि ती घाईत उरकू नये.

होडीविषयी काही गोष्टी सविस्तर सांगतो, कारण आपल्यापैकी कोणालाही पोहता येत नाही. जाकीट नुसते असून भागत नाही, ते मापाचे असावे लागते. अंगावर घालून सगळ्या पट्ट्या आवळल्यावर दुसऱ्याने खांद्यापाशी धरून जाकीट वर ओढून पाहावे. ते हनुवटीच्या वर, कानांपर्यंत येत असेल तर पाण्यात ते डोक्यावरून निघून जाईल. मुलीसाठी लहान मापाचे आणि दोन पायांमधून जाणारी पट्टी असलेले जाकीट मिळाले तर उत्तम. मोठ्यांचे जाकीट १२ वर्षांच्या मुलीला घालून समाधान मानू नये. फाटलेले, फोम चुरगळलेले किंवा बकल तुटलेले जाकीट परत करून दुसरे मागावे आणि मिळत नसेल तर होडीत बसू नये. असे सांगताना संकोच वाटतो, समोरचा माणूस नाराज होईल असे वाटते, पण माझ्या अनुभवात चांगला नावाडी अशा प्रवाशाचा मान ठेवतो.

पाठीवर सॅक बांधून होडीत कधीही बसू नये. जाकिटावर सॅक चढवली की जाकीट आपले काम करू शकत नाही आणि भिजलेली सॅक माणसाला खाली ओढते. सॅक होडीच्या तळाशी, मध्यभागी ठेवाव्यात. त्याने वजनही खाली राहते. होडी कलंडते ती बहुधा एकाच कारणाने : काहीतरी दिसले म्हणून सगळे एका बाजूला उठून उभे राहतात. बसल्या जागेवरून छायाचित्रे काढावीत. चढता-उतरताना एका वेळी एकानेच हलावे, पाऊल होडीच्या मधोमध टाकावे, आणि सामान आधी हातोहात पोहोचवावे. होडी काठाला लागताना तिला हाताने किंवा पायाने थोपवायला मुले हमखास पुढे होतात. बोटे होडी आणि दगड यांच्यामध्ये चिरडतात, म्हणून मुलीला आधीच बजावून ठेवावे. आणखी एक छोटी पण उपयोगाची गोष्ट : होडीत पट्ट्याच्या सँडल घालाव्यात आणि चालण्याचे बूट पिशवीत कोरडे ठेवावेत. उतरताना पाय पाण्यात पडतोच, आणि ओल्या मोज्यांनी गड चढणाऱ्याच्या टाचांना तासाभरात फोड येतात.

नावाडी जर काठाला थांबून राहणार असेल तर तो होडीचे नाक काठाकडे करून दोर दगडाला किंवा झाडाला बांधतो. गाळात नांगर नीट धरत नाही, आणि वारा फिरला की आडवी झालेली होडी काठावर आपटते. म्हणून वारा वाढल्यावर त्याने लवकर निघू या म्हटले तर त्याचे ऐकावे. काठावर थांबलेले असताना पोहायला किंवा नुसते डुंबायलाही उतरू नये. काठाचा गाळ पायाखालून सरकतो, पुढे खोली एकदम वाढते, आणि वाकून मदत करायला गेलेला दुसराही आत जातो. जलाशयांतल्या दुर्घटना बहुधा अशाच घडतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला, झुंजुमुंजू होताच, आपण, पत्नी आणि मुलगी यांनी गडाकडे निघावे. स्थानिक वाटाड्या घ्यावाच. वाट सुरुवातीला प्रवरेच्या ओढ्याच्या सोबतीने जाते, तो काही वेळा ओलांडावा लागतो, आणि पुढे दाट झाडीत चढ सुरू होतो. झाडीत एक फाटा लागतो. सरळ वाट कात्राबाईच्या खिंडीतून हरिश्चंद्रगडाकडे जाते आणि उजवीकडची रतनगडाच्या शिड्यांकडे. इथे चुकून पुढे गेलेले गट मी अनेकदा परत वळवले आहेत. हा सगळा भाग १९८६ मध्ये घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, त्यामुळे प्रवेशशुल्क भरावे लागते आणि प्लास्टिक, आवाज, जाळ यांबाबतचे नियम पाळावे लागतात. वाटेत हिरडा, बेहडा, जांभूळ आणि माथ्याकडे कारवी दिसेल. वाटाड्या महादेव कोळी समाजातला असेल तर हिरडा कसा आणि कधी गोळा करतात हे त्याला जरूर विचारावे. मुलीला कोणत्याही माहितीफलकापेक्षा त्यातून अधिक कळेल.

शिड्यांबद्दल मुलीपेक्षा मोठ्यांनीच स्वतःला तपासून पाहावे. आपण हरिहर गडाच्या कातळपायऱ्या चढला असाल तर तिथे प्रत्येक पायरीला हात रोवायला खोबण असते. इथे लोखंडाची शिडी आहे, आणि पायाखालून दरी दिसते. भीती वाटत असेल तर ती लपवू नये. एका शिडीवर एका वेळी एकाच माणसाने जावे, तोंड नेहमी शिडीकडे असावे, उतरतानाही, आणि दोन हात व दोन पाय यांपैकी तीन नेहमी टेकलेले असावेत. काठी हातात धरून शिडी चढू नये, ती सॅकला बांधावी. मुलीच्या पुढे वाटाड्या आणि मागे आपण, हा क्रम चढताना. उतरताना आपण आधी खाली. सकाळी लवकर निघाल्याचा खरा लाभ इथे होतो, कारण नऊच्या आसपास शिड्या मोकळ्या मिळतात.

वर गणेश दरवाज्यातून गेल्यावर गुहा लागतात, त्यांपैकी एकीत रत्नादेवीचे ठाणे आहे. गडावर पाण्याची टाकी आहेत, तरी प्रत्येकाने किमान तीन लिटर पाणी खालूनच न्यावे. माकडांचा उपद्रव आहे, त्यामुळे खाऊ उघड्यावर काढू नये. नेढ्यापर्यंत, म्हणजे माथ्यावरच्या खडकाला पडलेल्या आरपार भोकापर्यंत, अवश्य जावे. तिथून अलंग, मदन, कुलंग, कळसूबाई, दक्षिणेकडे हरिश्चंद्रगड आणि आजोबा असा मोठा पट्टा दिसतो, आणि आदल्या दिवशी आपण ज्या पाण्यावरून आलो तो जलाशय संपूर्ण नजरेत येतो. मात्र नेढ्यातून वारा कोंडून वेगाने वाहतो. वारा जोराचा असेल तर कडेला बसू नये आणि मुलीचा हात सोडू नये. कड्यांवर आग्या मोहोळे असतात. अत्तर, धूर आणि आरडाओरडा हे तिन्ही टाळावे. साम्रद गावाच्या बाजूला त्र्यंबक दरवाज्याने उतरणारी वाटही आहे, पण पहिल्या खेपेला आल्या वाटेनेच उतरावे. दोनच्या सुमारास आपण गावात जेवायला बसलेले असाल आणि दिवेलागणीच्या आत नाशिकला पोहोचाल.

वडिलांनी गड चढावा का, हे आपण थेट विचारलेले नाही, पण प्रश्नात ते आहे. हे त्यांच्या वयापेक्षा त्यांच्या गुडघ्यांवर, रक्तदाबावर आणि सवयीवर अवलंबून आहे. ६६ वर्षांची माणसे माझ्याबरोबर रतनगड उत्तम चढली आहेत, पण ती दर आठवड्याला कुठेतरी चढणारी होती. कसोटी सोपी आहे : महिनाभर आधी त्यांना अंजनेरीला न्यावे. चढताना ते बोलत बोलत चढले, उतरताना पाय थरथरले नाहीत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना गुडघे दुखले नाहीत, तर रतनगडाचा विचार करता येईल. उतरण्याकडे अधिक लक्ष द्यावे. वय वाढले तरी चढण्याचा दम बऱ्यापैकी टिकतो, पण उतरताना भार पेलणारे गुडघे आधी तक्रार करतात. शंका राहिली तर त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी गावातल्या कोणाला बरोबर घेऊन ओढ्याच्या वाटेने झाडी सुरू होईपर्यंत फिरून यावे. एकट्याने मागे बसून राहण्याचे दुःख त्यांच्या वाट्याला येऊ नये, यासाठी हा कार्यक्रम आपण आधीच ठरवून त्यांना सांगावा. ऐनवेळी तुम्ही थांबा म्हणणे मनाला लागते.

आपल्याकडे खरोखर एकच दिवस असेल तर गड वगळावा. सकाळी होडी, मंदिर, पुष्करणी, ओढ्याकाठची दोन तासांची चाल, गावात जेवण आणि दुपारी दोनच्या आत परतीची होडी किंवा गाडी, एवढा दिवस भरगच्च होतो आणि चौघेही एकत्र राहतात.

एप्रिलबद्दल बोलायचे तर मुलीच्या परीक्षेची अडचण मला समजते. एप्रिलमध्ये जायचेच असेल तर होडीचा आग्रह सोडावा, गाडीने रतनवाडी गाठावी आणि गड पहाटेच चढून अकराच्या आत झाडीपर्यंत खाली यावे. झाडीबाहेरचा कातळ त्यानंतर फार तापतो. मेअखेर ते जूनच्या सुरुवातीला काजवे पाहायला इथे इतकी गर्दी होते की रस्ते तुंबतात, तेव्हा वडिलांना घेऊन जाऊ नये. पावसाळ्यात ओढे फुगतात आणि शिड्या निसरड्या होतात, त्यामुळे कुटुंबासाठी तो काळ नाहीच. नाताळच्या सुट्टीतले मधले वार मिळाले तर जानेवारीइतकेच चांगले, फक्त ३१ डिसेंबरच्या आसपासचे दिवस सोडून.

आणि निघण्याआधी एखाद्या सकाळी गंगापूर धरणावरचा बोट क्लब चालू असेल तेव्हा चौघांनी तिथे एक फेरी मारून यावी. जाकीट घालायची सवय होते, होडीत चढता-उतरताना वडिलांना कोणत्या बाजूने हात द्यावा लागतो ते कळते, आणि मुलीला पाण्यावर मळमळते का तेही घरापासून फार दूर न जाताच समजते. मळमळत असेल तर डॉक्टरांना विचारून औषध बरोबर ठेवावे आणि शेंडीला होडीत बसण्याआधी तिला उपाशी न ठेवता हलकेसे काही खायला द्यावे.